साडेचार मिलिमीटरचं खोटं

आयर्लंडमध्ये रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर पाच फूट तीन इंच असतं. एका फुटाला चार मिलिमीटर या प्रमाणात मॉडेल केलं, तर ते २१ मिलिमीटर भरायला हवं. पण बाजारात तयार मिळणारी आयरिश इंजिनं साडेसोळा मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. खऱ्या मापात सांगायचं तर रूळ एक फूट दीड इंचाने आखडलेले. छतावरचा पंखा, दाराची कडी, नंबराचं वळण यांवर तासन्‌तास वाद घालणारी माणसं हे साडेचार मिलिमीटर मात्र मुकाट्याने गिळतात. मला या छंदातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते.

हे खोटं मुळात आयरिश नाहीच. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण रुळलं, त्याला साडेसोळाचे रूळ बरोबर बसत. ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, आणि त्या काळची मोटर त्यांच्या पोटात मावेना. मग इंजिन चार मिलिमीटरच्या प्रमाणात मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. यालाच ओओ गेज म्हणतात. ब्रिटिश गाडीसाठी ही चूक सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास पडते. आयरिश गाडीच्या वाट्याला ती जवळजवळ दुप्पट येते.

आता या पाच फूट तीन इंचांकडे बघा. १८३४ साली डब्लिन ते किंग्सटाउन ही पहिली आयरिश रेल्वे धावली ती चार फूट साडेआठ इंचांवर. अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच निवडले, डब्लिन-ड्रॉहेडावाल्यांनी पाच फूट दोन. या गोंधळातून काढलेली तडजोड म्हणजे पाच फूट तीन. १८४६ साली लंडनच्या संसदेने कायदा करून ब्रिटनला एक माप दिलं आणि आयर्लंडला दुसरं. त्यामुळे हा आकडा निव्वळ इंजिनिअरिंगचा उरत नाही. त्यात त्या देशाच्या इतिहासाचा एक तुकडा आहे. मॉडेलमध्ये तो गळतो आणि आयरिश गाडी निमूटपणे ब्रिटिश मॉडेलच्या रुळांवर उभी राहते. आपल्यालाही हे परकं नाही. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली ती पाच फूट सहा इंचांवर. चार मिलिमीटरच्या प्रमाणात तिला २२ मिलिमीटरचे रूळ लागतील. आपली ब्रॉडगेजही साडेसोळाच्या रुळांवर ठेवली की अशीच आखडते.

खोटं मान्य नसलेली थोडी माणसं आहेत. ती २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः अंथरतात, आस बदलतात, चाकं बाहेर सरकवतात. एक छोटं स्टेशन उभं करण्यात वर्षं जातात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. समोरून येणारं इंजिन पाय फाकवून, ऐसपैस उभं दिसतं, तेव्हा आपण आधी काय बघत नव्हतो हे कळतं. पण माप बरोबर आलं म्हणजे आयर्लंड आलं, हा त्यांच्यातल्या काहींचा सूर मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाला संग्राहक आहेत. एके काळी आयरिश मॉडेल हवं असेल तर ब्रिटिश मॉडेलला आयरिश रंग फासायचा किंवा किट आणून डाग द्यायचे, एवढाच मार्ग होता. मग मर्फी मॉडेल्सने जनरल मोटर्सची डिझेल इंजिनं आणली, पुढे आयरिश रेल्वे मॉडेल्सने १९५५ च्या ए क्लासपर्यंत मजल मारली. ही मॉडेलं सुबक आहेत, आणि छोट्या देशाच्या गाड्यांकडे कुणीतरी इतक्या बारकाईने बघितलं याचं मोल आहे. पण खोक्यातून न काढलेल्या इंजिनाबद्दल समीक्षकाने काय बोलायचं? ते कुठून कुठे जात होतं, कुणाला नेत होतं, हे खोकं सांगत नाही.

माझी खरी तक्रार इथे आहे. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेची निळी इंजिनं या छंदात लाडकी. पण ही कंपनी फाळणीने चिरलेली. १ एप्रिल १९२३ पासून तिच्या रुळांवर कस्टमची तपासणी बसली. १९४७ साली डब्लिन-बेलफास्ट ‘एंटरप्राइझ’ विनाथांबा सुरू झाली. सीमेवर न थांबता तपासणी दोन्ही टोकांना होऊ लागली. १९५८ साली कंपनीच दोन सरकारी संस्थांत वाटली गेली, इंजिनं आणि डब्यांसकट. मी पाहिलेल्या मांडण्यांत निळा रंग अचूक असतो, पण बॅग उघडून उभा असलेला प्रवासी क्वचितच दिसतो. साठच्या दशकातल्या काळ्या-नारिंगी रंगसंगतीला शौकीन ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणतात. १९२०-२१ मध्ये आयर्लंडमध्ये दहशत माजवणाऱ्या पोलिसांचं हेच नाव. रंगाच्या डबीवरचा शब्द एवढा निरागस झाला, यावरही कधी कुणी थांबावं.

सिरिल फ्राय (१९०५-१९७२) इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात काम करायचे आणि घरी हाताने आयरिश रेल्वेची मॉडेलं घडवायचे. ती आज डब्लिनजवळ मालाहाइडच्या कसीनो हाउसमध्ये काचेआड आहेत. धावतात त्या गाड्या दुसऱ्या. ही व्यवस्था मला योग्य वाटते. फ्राय ज्या गाड्या घडवत होते, त्यांतल्या कित्येक त्यांच्या हयातीतच बंद पडत होत्या. १९५९ अखेर डोनेगल गेली, १९६१ च्या जानेवारीत वेस्ट क्लेअर. त्यांची मॉडेलं आठवणीसाठी केलेली नव्हती, साक्षीदाराने केलेली नोंद होती. आजचा मॉडेलकार साक्षीदार नाही, म्हणून त्याने निवड जास्त जपून करायला हवी.

साडेचार मिलिमीटर मी माफ करतो. मोटर, पैसा, घरातली जागा, सगळ्यांना मर्यादा असतात, आणि ती तडजोड निदान पट्टी लावून मोजता येते. कस्टमची चौकी गाळण्यासाठी मात्र तसली कोणतीच अडचण नव्हती. त्या मापाला एक टेबल, एक शिपाई आणि उघडी बॅग सहज बसते. पुढच्या वेळी फोनवर अशा मांडणीचा व्हिडिओ दिसला, तर इंजिनावरून नजर हलवून फलाटावर न्या. तिथे कोण उभं आहे, आणि कशाची वाट बघतंय, ते बघा.