ख्रिस्टीन कीलर : बदनामीची मालकी कुणाची?

ख्रिस्टीन कीलरच्या नावावर चार आत्मकथने आहेत. 'नथिंग बट' १९८३ साली आले, 'स्कँडल!' १९८९ साली, 'द ट्रुथ अॅट लास्ट' २००१ साली आणि 'सीक्रेट्स अँड लाइज' २०१२ साली. पहिल्याच्या लेखनाला सँडी फॉक्सचा हात होता, २००१ च्या पुस्तकाला डग्लस थॉम्पसनचा. दोघेही पेशाने पत्रकार. एकाच आयुष्याची ही चार पुस्तके एकमेकांशी पटत नाहीत. ज्या स्टीफन वॉर्डला आधी व्यवस्थेचा बळी मानले जात होते, त्याला २००१ च्या पुस्तकात तिने थेट सोव्हिएत हेर म्हटले आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा प्रमुख रॉजर हॉलिस यालाही त्या कटात ओढले. इतिहासकारांनी हे फारसे मनावर घेतले नाही. पण ती खरे बोलते की खोटे, एवढ्यावरच थांबणारा समीक्षक मूळ प्रश्नाला बगल देतो. एका बाईला आपले आयुष्य चार वेळा, दर वेळी अधिक सनसनाटी करून, का विकावे लागते, हा तो मूळ प्रश्न आहे.

आपल्याकडे आत्मकथन म्हटले की 'बलुतं' आठवते, 'जिणं आमुचं' आठवते. तिथे भोगणारा आणि लिहिणारा एकच आहे, आणि त्या लेखनाचे सारे बळ या एकपणात आहे. कीलरच्या बाबतीत भोगणारी वेगळी, लिहिणारा वेगळा आणि विकणारा तिसराच. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने १९६३ साली तिच्या कहाणीचे २३ हजार पौंड मोजले. १९६९ साली तेच वृत्तपत्र नुकतेच रुपर्ट मर्डोकच्या हाती गेले होते. त्याने पुन्हा तिच्या आठवणी छापल्या, तेव्हा तिथल्या प्रेस कौन्सिलने ठपका ठेवला. ठपक्याने खप कमी झाल्याचे कुणी सांगत नाही.

तिचा जन्म २२ फेब्रुवारी १९४२ चा. लंडनबाहेर रेझबरी या गावी आगगाडीच्या दोन जुन्या डब्यांचे केलेले घर, ज्यात ती वाढली. नवव्या वर्षी शाळेच्या आरोग्य तपासणीत ती कुपोषित असल्याचे आढळले आणि तिला आरामासाठी दुसरीकडे पाठवावे लागले. साम्राज्याच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावरचे हे कुपोषण आहे. सतराव्या वर्षी झालेले अपुऱ्या दिवसांचे मूल सहा दिवसांत गेले. पुढे सोहो भागातल्या मरेज कॅबरे क्लबात ती कामाला लागली आणि तिथे तिची गाठ वॉर्डशी पडली. हा हाडांचे उपचार करणारा, चित्रे काढणारा, सरदार-दरबारींत वावरणारा गृहस्थ. त्याच्यामुळेच जुलै १९६१ मध्ये ती क्लिव्हडेन येथे लॉर्ड अॅस्टरच्या वाड्यातल्या पोहण्याच्या तलावापाशी पोचली. युद्धमंत्री जॉन प्रोफ्यूमो तिथे पाहुणा होता. तो ४६ वर्षांचा, ती १९ वर्षांची. (या लेखात मंत्र्यालाही एकेरीच संबोधले आहे, ते जाणूनबुजून.) सोव्हिएत वकिलातीतला नौदल अधिकारी इव्हानोव्ह याच्याशीही तिची ओळख होती. एवढ्यावरून पुढे राष्ट्रीय सुरक्षेचे वादळ उठवता आले.

२२ मार्च १९६३ रोजी प्रोफ्यूमोने पार्लमेंटमध्ये उभे राहून सांगितले की आपल्या व कीलरच्या परिचयात गैर काही नव्हते. हे धादांत खोटे होते. ५ जूनला त्याने ते कबूल करून राजीनामा दिला. खटला नाही, तुरुंग नाही, कारण सभागृहातल्या बोलण्यास कायद्याचे संरक्षण असते.

त्याच वर्षी कीलरही खोटे बोलली. लकी गॉर्डन हा जमैकाचा कृष्णवर्णी गायक. त्याने आपल्याला मारहाण केली अशी तिची फिर्याद होती. घटनास्थळी दोन साक्षीदार हजर होते, त्यांना बोलवा असे गॉर्डन कोर्टात सांगत राहिला. ते तिथे नव्हतेच, असे तिने शपथेवर सांगितले. गॉर्डनला जूनमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. ३० जुलैला अपिलात ती रद्द झाली, आणि डिसेंबरमध्ये शपथेवर खोटे बोलल्याबद्दल कीलरला नऊ महिन्यांची. राजकारण्याचे खोटे चूक ठरले आणि नाचणारीचे खोटे गुन्हा, हा फरक उघड आहे.

परंतु आपल्या चळवळीतल्या वाचकाने इथेच समाधान मानू नये. कीलर गोरी होती, गरिबीतून आलेली होती. गॉर्डन काळा होता. १९५८ साली नॉटिंग हिलमध्ये काळ्यांवर हल्ले झाले होते आणि १९६२ साली वसाहतींतून येणाऱ्यांवर बंधने घालणारा कायदा झाला होता. अशा लंडनमध्ये गोऱ्या बाईची साक्ष काळ्या माणसाला किती महाग पडू शकते हे तिला कळत नव्हते असे मानता येत नाही. दुसऱ्या बाजूने, गॉर्डनने आपला छळ केला असे तिने अखेरपर्यंत सांगितले, आणि अपिलातल्या निकालाने ती भीती खोटी ठरत नाही. म्हणजे बाई म्हणून ती पिडलेली आणि गोरी म्हणून ती पिडणारी, दोन्ही एकाच वेळी. शोषित आपोआप एका बाजूला उभे राहतात हे आपल्या व्यासपीठांवरचे लाडके गृहीतक या खटल्यात टिकत नाही. आपल्या वस्तीतल्या बाईने मारहाणीची तक्रार केली की 'समाजाची बदनामी होईल' म्हणून तिला गप्प करणाऱ्यांनी आणि सवर्ण बाईची तक्रार आली की अॅट्रॉसिटीचा इतिहास विसरणाऱ्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

अँटिग्वाचा जॉनी एजकोम याची गोष्ट तर आणखी लवकर विसरली गेली. १४ डिसेंबर १९६२ रोजी विम्पोल म्यूजमधल्या वॉर्डच्या घरावर त्याने गोळ्या झाडल्या आणि हे सारे बाहेर यायला सुरुवात झाली. कुणालाही इजा झाली नाही. खुनाच्या प्रयत्नातून तो सुटला, पण हत्यार बाळगल्याबद्दल सात वर्षे मिळाली. संपूर्ण प्रकरणात सर्वांत लांब शिक्षा त्याची.

वॉर्डवर बायकांच्या कमाईवर जगण्याचा खटला भरला गेला. निकालाच्या दिवशी तो बेशुद्धावस्थेत इस्पितळात होता, झोपेच्या गोळ्या घेऊन. ३ ऑगस्टला तो मेला. लॉर्ड डेनिंगचा चौकशी अहवाल सप्टेंबरात आला, त्याच्या लाखावर प्रती खपल्या. हा न्यायाधीश आपल्या वकिलांच्या पिढ्यांना सोप्या इंग्रजीचा आदर्श म्हणून ठाऊक आहे, आणि हा अहवालही तसाच सुरस आहे, प्रकरणांची शीर्षके रहस्यकथेला शोभणारी. साक्षी बंद दाराआड घेतलेल्या, उलटतपासणी नाही. सुरक्षिततेला धोका पोचला नाही असा निर्वाळा देऊन त्याने दोषाचा मोठा भार मेलेल्या वॉर्डवर टाकला. मंत्रिमंडळावर ठपका आहे, पण तो सौम्य शब्दांत. साहित्याच्या अभ्यासकांनी सरकारी अहवालांकडेही शैली म्हणून पाहिले पाहिजे.

मायकेल केटन-जोन्सचा 'स्कँडल' हा चित्रपट (१९८९) वॉर्डला सहानुभूती देतो. ती रास्तही आहे. पण त्यात शोकांतिकेचा नायक वॉर्डच होतो, आणि काळी माणसे गोंगाट करण्यापुरती येतात.

आता प्रायश्चित्ताविषयी. प्रोफ्यूमो पूर्व लंडनमधल्या टॉयन्बी हॉल या सेवासंस्थेत गेला. सुरुवातीला त्याने तिथले संडास साफ केले, असे सांगितले जाते. पुढे त्याने दीर्घकाळ निधी गोळा केला. ते काम खोटे नव्हते. १९७५ साली त्याला सरकारी किताब मिळाला. १९९५ साली मार्गारेट थॅचरच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या भोजनात त्याची खुर्ची राणीच्या शेजारी होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जन्मभर मैला वाहिला त्या वाचकांना या कथेतला चमत्कार सांगण्याची गरज नाही. संडास साफ केल्याने माणूस पवित्र होतो, पण त्यासाठी आधी मंत्री असावे लागते.

कीलरच्या वाट्याला दुसरी खुर्ची आली. मे १९६३ मध्ये लुइस मॉर्लीने तिचे छायाचित्र काढले. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी विवस्त्र छायाचित्र देण्याचा करार होता, ती तयार नव्हती, म्हणून मॉर्लीने तिला खुर्ची उलटी धरून बसवले. आर्न याकोबसेनच्या प्रसिद्ध खुर्चीची ती स्वस्त नक्कल होती. ज्या छायाचित्राला जग निर्लज्जपणाची खूण मानते, ते एका बाईच्या नकारातून जन्मले आहे! ती खुर्ची आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. तिच्यावर बसलेली बाई उतारवयात सरकारी घरकुलात राहत होती, आणि मध्यंतरी तिने स्लोन हे आडनाव घेऊन एका शाळेत मुलांना जेवण वाढण्याचे काम केले.