एकच प्रसंग, दोनदा

समजा, वेल्समधल्या अबरिस्टविथ गावी एखाद्या घरात पोलीस अधिकारी मॅथायस मयताच्या बायकोला प्रश्न विचारतोय. वेल्शमध्ये. टेक ओके. दिवे, कॅमेरा, नट सगळे जागच्या जागी. आता तोच प्रसंग इंग्रजीत. एस-फोर-सी या वेल्श वाहिनीवर २०१३ साली आलेली 'अ ग्विल', म्हणजे तिन्हीसांज, ही मालिका अशी चित्रित झाली. 'हिंटरलँड' या नावाचं तिचं इंग्रजी भावंड मग देशोदेशी विकलं गेलं.

ही वाहिनी सुखासुखी मिळालेली नाही. १९७९च्या निवडणुकीत दिलेलं वेल्श वाहिनीचं वचन थॅचर सरकारने मोडलं, तेव्हा प्लाइड कम्री या पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विन्फोर इव्हान्स यांनी आमरण उपोषण जाहीर केलं. हे हत्यार आपल्या ओळखीचं. ब्रिटिश सरकारच्याही असावं. उपोषणाचा दिवस उजाडण्याआधीच, सप्टेंबर १९८०मध्ये, सरकार नमलं आणि १ नोव्हेंबर १९८२ला वाहिनी सुरू झाली. १९८१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे १८.९ टक्के होते, २०२१मध्ये १७.८. भाषा वाहिनीने वाचवली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. मात्र वेल्शमधून लिहून-नटून पोट भरणारी जमात तिने उभी केली, आणि कलेच्या दृष्टीने ती गोष्ट लहान नाही.

'अ ग्विल'ची अडचण दुसऱ्या टेकची आहे. अबरिस्टविथ हे विद्यापीठाचं गाव. तिथं दोन्ही भाषा एकाच दुकानात, कधी एकाच वाक्यात नांदतात. वेल्श आवृत्तीत मात्र शेतकऱ्यापासून डॉक्टरपर्यंत जो तो वेल्शच बोलतो, आणि इंग्रजी आवृत्तीत तीच माणसं एकमेकांशी बहुतेक इंग्रजीत. दोन्ही आवृत्त्या थोडं थोडं खोटं बोलतात. मला त्याहून खटकतं ते संवादांचं तुटकपण. लांब विराम, करडे डोंगर, चार शब्दांचं उत्तर: दोन्ही भाषांत सारख्याच वेळात बसेल असं. मॅथायसचं मौन त्याच्या दुःखातून किती आलंय आणि वेळापत्रकातून किती, असा संशय येत राहतो.

दोनदा चित्रित करणं आपल्यालाही नवं नाही. 'अयोध्येचा राजा' १९३२मध्येच मराठी आणि हिंदीत निघाला. पण १९४१च्या 'शेजारी'त केशवराव दाते आणि हिंदी 'पडोसी'त त्यांच्या जागी मजहर खान, असा नटच बदलायची सोय दिग्दर्शक शांतारामबापूंनी केली. भाषेबरोबर माणूसही बदलतो, हे त्यांच्या प्रभात कंपनीला कळत होतं. अर्थात त्यांच्यामागे अख्ख्या हिंदुस्थानचा बाजार होता. वेल्श बोलणारे सगळे मिळून साडेपाच लाखही नाहीत.

भाषेचा खरा वास येतो तो वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिकांत. बीबीसी १९७४पासून बनवत असलेली 'पोबॉल अ कुम', खोऱ्यातली माणसं, दक्षिणेची. तिथं 'आत्ता'ला 'नाउर' म्हणतात. उत्तरेत मेनाय ब्रिजला चित्रित होणाऱ्या 'राउन्ड अ राउन्ड'मध्ये त्याच 'आत्ता'ला 'रुआन'. रोमन लिपीत लिहून पाहिलं तर एकाची अक्षरं उलटी केली की दुसरा शब्द! समीक्षक या मालिकांकडे नाक मुरडतात, पण घरातला कडाक्याचा वाद वेल्शमध्ये कसा घालायचा हे नव्याने भाषा शिकणाऱ्याला त्यांच्याइतकं कोण शिकवणार?

आणि मग ली हेवन जोन्स यांचा 'ग्वलेद', मेजवानी, हा २०२१चा भयपट. डोंगरातला आलिशान बंगला, एका खासदाराचं श्रीमंत कुटुंब, रात्री जेवायला पाहुणे, त्यांतल्या एकाच्या मनात इथल्या जमिनीखालचं खनिज. स्वयंपाकाला मदत करायला काडी नावाची मुलगी येते आणि जवळजवळ बोलतच नाही. तिची शांतता अंगावर येते, कारण ती मोजूनमापून आलेली वाटत नाही. टेबलाभोवतीची बडबड ऐकता ऐकता काडी काय ठरवते, ते सांगून मजा घालवत नाही. एवढंच सांगतो की या चित्रपटात सगळे वेल्शच बोलतात, आणि परदेशातल्या प्रेक्षकाने खालच्या ओळी वाचायच्या.