‘झोप लागते’ आणि ‘झोपून असतो’ : निद्रालुतेच्या मापनाची भाषिक चिकित्सा

मनोरुग्णांच्या दिवसाच्या अतिनिद्रालुतेचे मापन आज मुख्यतः दोन मार्गांनी होते. मेलबर्न येथील मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेली एपवर्थ श्रेणी हा पहिला मार्ग होय. आठ नित्याच्या प्रसंगांत डोळा लागण्याची शक्यता रुग्णाने ० ते ३ या अंकांत सांगावयाची. २४ पैकी बेरीज १० च्या वर गेली की निद्रालुता अधिक समजावयाची. दुसरा मार्ग प्रयोगशाळेचा. तेथे रुग्णास दर दोन तासांनी, असे चार-पाच वेळा निजवून झोप लागण्यास किती मिनिटे लागतात हे यंत्राने पाहिले जाते.

हे दोन मार्ग मनोविकारांच्या बाबतीत पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. नॉफझिंगर व त्यांचे सहकारी यांनी १९९१ सालीच द्विध्रुवी विकारातील खिन्नावस्थेचे रुग्ण तपासले. अतिनिद्रेची तक्रार असूनही त्यांना यंत्रासमोर लवकर झोप लागत नव्हती. तेव्हा त्यांची तक्रार झोपेची नसून उत्साहहीनतेची असावी, असे अनुमान निघते.

मराठीत हा घोटाळा क्रियापदातच दडलेला आहे. ‘झोपणे’ म्हणजे निद्रा घेणे, आणि आडवे होणेही. ‘तो दिवसभर झोपून असतो’ असे नातेवाईक सांगतात, तेव्हा रुग्ण टक्क जागा असून केवळ अंथरुणास खिळलेला असू शकतो. पण टिपणात ‘अतिनिद्रा’ असे नोंदले की लक्षणाचे स्वरूपच पालटते. मरगळ, ग्लानी, औषधाची गुंगी, डोळ्यांवरील झापड आणि पेंग या पाच भिन्न अवस्था आहेत. त्यांतील मरगळीत तर झोप असावीच लागते असे नाही.

दुसरा भेद इच्छेचा. ‘डुलकी घेतली’ यात कर्त्याची इच्छा आहे, ‘डुलकी लागली’ यात नाही. मापनास प्रयोजन आहे ते दुसऱ्या प्रयोगाशी. दुपारी आडवे होण्याविषयीच्या प्रश्नात हा भेद सुटला, तर वामकुक्षीची सवयही विकाराच्या बेरजेत जाते.

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ही चर्चा केवळ शास्त्रीय राहत नाही. समजा, तिसऱ्या पाळीचा एक कामगार खिन्नतेवर औषध घेत आहे. त्याचे जाणे-येणे दुचाकीवरून. त्याला मोटारीत बसल्यावर काय होते, हे कल्पनेनेच सांगावे लागते. रात्रभर जागून आल्याने दिवसा त्याला झोप येणे स्वाभाविक आहे. त्याच्या बेरजेत पाळी, औषध आणि आजार यांचा वाटा किती, हे अंक सांगत नाही. गुंगीला आजार समजल्यास औषध वाढेल. आजाराला गुंगी समजल्यास आवश्यक औषध तुटेल. आणि खऱ्या पेंगेला मरगळ समजल्यास तो यंत्रावर उभा राहील.

तथापि श्रेणी टाकाऊ ठरत नाही. केवळ थकवा आणि डोळा लागणे यांत फरक करावा, अशी सूचना जॉन्स यांनी मुळातच दिलेली आहे. उणीव आहे ती भाषांतरात हा फरक न राखण्याची. प्रश्न ‘लागणे’ या क्रियापदाने विचारावा, पाळीची व औषधाची वेळ शेजारी नोंदवावी, आणि ‘झोपून असतो’ असे उत्तर आल्यास ‘डोळे मिटलेले असतात काय?’ असे पुन्हा विचारावे. अंक त्यानंतर मांडावा.