दोहाचं रडगाणं

भारत २०२६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतून बाहेर कसा पडला, हे तुमच्या ओळखीच्या कुठल्याही फुटबॉलवेड्या मराठी माणसाला विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं: दोहा. ११ जून २०२४ला आपण कतारविरुद्ध १-०ने पुढे होतो. ७३व्या मिनिटाला गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू कतारच्या खेळाडूनं पायानं आत ओढला, युसुफ अयमेननं तो जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हतं. लुटलं आपल्याला!

इथे ल्यूकनमध्ये लेकीला मीही हीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती. ती म्हणाली, "पण बाबा, ग्रुपमध्ये सहा मॅचेस असतात ना? बाकीच्या पाचांत काय झालं?"

मग हिशेब काढावाच लागला. कुवेतमध्ये जाऊन १-० जिंकलो, ते छानच. भुवनेश्वरला कतारकडून ०-३ हरलो. अफगाणिस्तानशी अभामध्ये ०-०. छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात कोलकात्यात कुवेतशी ०-०. आणि २६ मार्च २०२४ला गुवाहाटीत, घरच्या मैदानावर, छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात त्याच्याच पेनल्टीनं पुढे असताना अफगाणिस्तानकडून १-२ हरलो. गटातले पहिले दोन पुढे जाणार होते. कुवेतचे शेवटी सात गुण झाले, आपले पाच. म्हणजे गुवाहाटी जिंकली असती तर दोहाला हरूनही आपण आठ गुणांवर पुढे गेलो असतो. अन्याय झाला हे खरंच, पण त्या अन्यायावर सगळं अवलंबून राहावं ही वेळ आपणच आणली होती.

आयरिश शेजाऱ्यांकडेही असं एक रडगाणं आहे. १८ नोव्हेंबर २००९ला पॅरिसमध्ये तिएरी आँरीनं चेंडू हातानं थांबवला, गॅलासनं गोल केला आणि आयर्लंडचा विश्वचषक हुकला. तेही सांगत नाहीत, की चारच दिवसांपूर्वी क्रोक पार्कवर ते ०-१ हरलेले होते. पण त्यांचं दुःख आपल्यापेक्षा वजनदार आहे, कारण पॅरिसला ते फ्रान्सपेक्षा सरस खेळले होते. (शिवाय फिफानं त्यांच्या संघटनेला पन्नास लाख युरो दिले, हे २०१५मध्ये बाहेर आलं. आपल्या तक्रारीतून काय निघालं ते विचारू नका.)

१४ ऑक्टोबर २०२५ मात्र मला विसरता येत नाही. इथली दुपार, गोव्यात फातोर्ड्याला रात्र. आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत छांगतेनं गोल करून दिला, मग सिंगापूरनं दोन केले आणि आपण त्याही स्पर्धेतून बाहेर. दोष द्यायला ना पंच, ना रेषा. त्याच रात्री डब्लिनमध्ये आयर्लंडनं रडतखडत अर्मेनियाला १-० हरवलं. त्याच अर्मेनियाकडून सप्टेंबरमध्ये येरेवानला ते हरले होते. महिन्याभरात त्यांनी पोर्तुगालला २-०नं आणि बुडापेस्टला ९६व्या मिनिटाच्या गोलनं हंगेरीला ३-२नं हरवून प्लेऑफ गाठला. पाचही गोल ट्रॉय पॅरटचे.

शनिवारी ग्रिफीन व्हॅली पार्कच्या मैदानाकडेला उभ्या बापांमध्ये हल्ली नवं गाणं सुरू आहे: ओसीआयवाल्यांना खेळू द्या. ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो. रायन विल्यम्सनं त्यासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. आयर्लंडचं उदाहरण लगेच पुढे येतं: जॅक चार्लटननं इंग्लंडात जन्मलेले ऑल्ड्रिज, टाउनसेंड घेऊन १९९० आणि १९९४चे विश्वचषक गाठले, मग आपली मुलं का नकोत? मुद्दा चूक नाही. स्वतःची पोरं बूट घालून समोर धावत असताना तो जरा जास्तच पटतो, इतकंच. पण पॅरट डब्लिनच्या जुन्या वस्तीतला, बेल्व्हेडियर क्लबच्या मुलांच्या संघात वाढलेला. अर्मेनियाविरुद्धचा गोल करणारा फर्ग्युसन शेजारच्या मीथ काउंटीतला, बोहेमियन्समधून पुढे आलेला. चार्लटनच्या आयर्लंडला बाहेरून माणसं आणावी लागली होती. या वेळचे निर्णायक गोल घरात वाढलेल्या पोरांनी केले, आणि आपण उदाहरण देतो ते अजून चार्लटनचंच.

आपल्याकडे घर नाही असंही नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्या की शाहू स्टेडियमवर जी गर्दी होते, ती इथल्या लीगमधल्या कित्येक क्लबांना स्वप्नातही दिसायची नाही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच शहराचा, पण तो घडला पुण्यात जाऊन. (त्या स्पर्धेतही आपण यजमान म्हणूनच होतो, पात्र ठरून नव्हे.) पेठांचं हे वेड एवढी वर्षं टिकून आहे, आणि त्यातून देशाच्या संघात गेलेले किती, हे बोटांवर मोजायला बसलं की हात लवकर थांबतो. पात्रतेच्या गप्पांमध्ये आपण दोहावर अर्धा तास काढतो, यावर पाच मिनिटंही नाही.

सुट्टीत तुम्ही कोल्हापूरला जाणार असाल आणि शाहू स्टेडियमवर सामना असेल, तर जरा लवकर जा. मोठ्यांचा सामना सुरू व्हायच्या आधी मैदानावर दहा-बारा वर्षांच्या पोरांचं काही चाललंय का, कुणी त्यांना शिकवतंय का, तेवढं बघा आणि मला कळवा.