सैनिकाचे पत्र आणि त्याचा पहिला वाचक

सैनिकाने रणभूमीवरून घरी धाडलेले पत्र सामान्यतः दोन भूमिकांतून वाचले जाते. एक भूमिका इतिहासाच्या साधनाची. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून पत्र म्हणजे अस्सल पुरावा ही धारणा मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली आहे. दुसरी भूमिका आत्माविष्काराची. मृत्यूच्या छायेत लिहिणारा माणूस प्रांजळच लिहिणार, असे ती गृहीत धरते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस उद्देशून थेट केलेले कथन म्हणजे पत्र, हे गृहीतक दोन्ही भूमिकांच्या मुळाशी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेल्या भारतीय सैनिकांची पत्रे या गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावतात.

१९१४ च्या सप्टेंबरअखेरीस भारतीय पलटणी मार्सेय बंदरात उतरू लागल्या. राजद्रोही मजकुराच्या प्रसाराची धास्ती असल्याने लवकरच त्यांच्या टपालासाठी स्वतंत्र अभ्यवेक्षण-कार्यालय उभारण्यात आले, ई. बी. हॉवेल हे त्याचे प्रमुख. १९१५ च्या मार्चपर्यंत हे सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहीत असल्याचा अंदाज आहे. त्यांतील काही वाचली जात, निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर होई आणि ते अहवालांस जोडले जाई. आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात उपलब्ध आहेत ते बहुतांशी हे भाषांतरित उतारे. डेव्हिड ओमिसी यांनी त्यांतून सिद्ध केलेले ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हे संकलन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘व्हॉइसेस’, अर्थात ‘आवाज’, हा शब्दच विचारात घेण्याजोगा आहे. अनेक सैनिक निरक्षर होते. ते मजकूर सांगत आणि पलटणीतील एखादा लिहिता-वाचता सोबती तो उतरवून घेई. पलटणीतील अधिकारी पत्र पाहू शके, नंतर ते अभ्यवेक्षकाकडे जाई. गावी पोहोचल्यावर ते पुन्हा कोणीतरी वाचून दाखवी आणि घरातली, प्रसंगी शेजारपाजारची माणसेही ऐकत. सांगणारा, लिहिणारा, तपासणारा, भाषांतर करणारा आणि वाचून दाखवणारा अशा अनेकांच्या हातून ही संहिता घडते. मग आवाज कोणाचा? उत्तरादाखल हे सारे वसाहतवादी यंत्रणेचे उत्पादन होय, असे म्हणून मोकळे होता येते. पण तसे म्हटल्याने सैनिक दुसऱ्यांदा निःशब्द होतो. निरागस विश्वास आणि सरसकट अविश्वास या दोहोंतून वाट काढणारे वाचन संहितेच्या रूपबंधातूनच शोधावे लागेल.

प्रथम संकेतांचा विचार करू. मायना, वडिलांना नमस्कार, येथील क्षेम कळवून तेथील क्षेमाची विचारपूस हा क्रम भारतीय पत्रलेखनात रूढ आहे. जुनी मराठी पत्रेही त्याला अपवाद नाहीत. आत्माविष्काराच्या निकषावर हा भाग साचेबंद, म्हणून निरर्थक ठरतो. परंतु १९१५ च्या मार्चमधील न्यव्ह शापेलच्या लढाईनंतर गावी पोहोचलेल्या पत्रात ‘कुशल’ हा शब्द साचा राहत नाही. सांगणारा जिवंत आहे, हीच पत्रातली मुख्य वार्ता असते आणि ती वाहण्याचे काम साचाच करतो.

दुसरी बाब सूचकतेची. काही पत्रांत भारतीय सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हटले आहे. काळी संपत आली, आता लाल वापरात आहे, अशा आशयाचे उल्लेख आढळतात. येथे ध्वनिसिद्धान्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. वाच्यार्थ स्वयंपाकघरातला, व्यंग्यार्थ मनुष्यहानीचा. मात्र आनंदवर्धनाच्या सिद्धान्तातील सहृदय हा काव्याशी समरस होणारा रसिक असतो. येथे व्यंग्यार्थाचे दोन ग्राहक आहेत, घरचा श्रोता आणि अभ्यवेक्षक. आणि दुसऱ्याला तो कळू नये अशी योजना आहे. उघड काही न बोलता अर्थ पोचवण्याच्या या हातोटीपुढे काटेकोर नियंत्रण जवळपास अशक्य असल्याची कबुली हॉवेल यांनीच दिली होती. तरीही मिरीचे कोडे त्यांच्या कार्यालयाला उलगडले, म्हणूनच तो उतारा आज उपलब्ध आहे. जे कोडे सुटले नाही ते या संग्रहात कोडे म्हणून दिसणारच नाही.

यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो. या पत्रांचा पहिला सूक्ष्म वाचक अभ्यवेक्षक हा होता. ओळीआडचा अर्थ धुंडाळणे, साध्या शब्दावर संशय घेणे, प्रातिनिधिक उतारा निवडणे ही त्याची रीत आजच्या समीक्षकाच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. घरच्या श्रोत्याला पत्राकडून जे हवे होते, ते दोघांच्याही दृष्टीतून निसटण्याचा संभव आहे.

श्रोत्याच्या बाजूने वाचल्यास या पत्रांचे केंद्र बदलते. युद्धाचे वर्णन येते ते शेताच्या भाषेत: पावसासारख्या गोळ्या, दळल्या जाणाऱ्या धान्यासारखी माणसे. पण अनेक पत्रांचा भर जमिनीचे तंटे, सोयरिकी, पैसे मिळाल्याची पोच, भावाला भरती होऊ न देण्याची विनवणी यांवर आहे. फ्रान्समधील स्त्रियांचे शिक्षण पाहून मुलींना शिकवा असे कळवणारेही आहेत. दूर असूनही घरातील आपले स्थान आणि शब्दाचा अधिकार टिकवण्याची ही धडपड होय. युद्धसाहित्य म्हणून निवड करताना हा ‘किरकोळ’ मजकूर वगळला, तर पत्राचे प्रयोजनच वगळले जाते.

या संग्रहाची आणखी एक मर्यादा मराठी अभ्यासकाने ध्यानात ठेवावी. भारतीय पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे गेला. मराठा पलटणींचे युद्ध प्रामुख्याने तेथेच झाले. १०३, ११० आणि ११७ या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेल्या सैन्यात त्यांचा समावेश होता. फ्रान्समधील पत्रांत पंजाबचा वरचष्मा आहे. त्यांवरून ‘भारतीय सैनिकाचे मन’ असे सामान्य विधान करणे सयुक्तिक नाही.

सारांश, भाषांतरित उताऱ्यावरून शैलीचे विवेचन करता येणार नाही. मूळ शब्दच हाती नाही. संबोधन, विषयांचा क्रम, प्रतिमांचे क्षेत्र आणि मौनाच्या जागा मात्र भाषांतरातूनही काही अंशी टिकतात. त्या वाचताना प्रत्येक उताऱ्यापुढे दोन प्रश्न ठेवावे लागतील: हा मजकूर कोणाला ऐकवण्यासाठी सांगितला गेला, आणि तो कोणी, कशासाठी राखून ठेवला? यांतील दुसरा प्रश्न टाळून पहिल्याचे उत्तर देणारी समीक्षा अभ्यवेक्षकाचीच निवड सैनिकाचे मनोगत म्हणून पुढे करील.