गुणांची यादी आणि सोडतीची चिठ्ठी

मराठीत ‘गुण’ या शब्दाने दोन संसार एकाच वेळी सांभाळले आहेत. कीर्तनकार ज्याचा महिमा सांगतात तो सद्‌गुणही गुणच, आणि उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने मांडला जातो तोही गुणच. देवस्थानांच्या सभामंडपांत दरवर्षी जे गुणगौरव समारंभ होतात त्यांत यांपैकी कोणत्या गुणाचा गौरव होत असतो, असे कोणी विचारीत नाही. दोन्ही अर्थ एकाच शालीखाली झाकले जातात. इंग्रजीतील ‘मेरिट’ या शब्दाची कथाही फारशी निराळी नाही. तो धर्मशास्त्रात वावरला तेव्हा आपल्या ‘पुण्या’च्या गोत्रातला होता, पुढे तो विद्यापीठाच्या कचेरीत शिरला आणि प्रवेशाच्या यादीवर जाऊन बसला. त्याच्या या स्थलांतराची झडती हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञानाचे अध्यापक मायकेल सँडेल यांनी ‘द टिरनी ऑफ मेरिट’ या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात घेतली आहे. आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले आज कोणत्या ना कोणत्या प्रवेशपरीक्षेच्या जात्यात आहेत, त्यांना हा ग्रंथ परका वाटणार नाही.

ग्रंथाचा बोलबाला झाला तो मुख्यतः त्यातील एका सूचनेमुळे. हार्वर्ड किंवा स्टॅनफर्ड येथे प्रतिवर्षी चाळीस हजारांवर अर्ज येतात आणि जागा असतात सुमारे दोन हजार. सँडेल म्हणतात की, या अर्जांतून जे तेथील अभ्यास पेलू शकणार नाहीत एवढेच वगळावेत. मग वीस-तीस हजार उरतील, आणि त्यांतून दोन हजारांची निवड सोडतीने करावी. अर्जांच्या चळती जिन्यावरून खाली भिरकावून हाताला लागतील तेवढे उचलले तरी चालेल, असेही ते अर्धवट विनोदाने सुचवितात. गुणवत्ता ही उंबरठ्याची अट असावी, शिखराची नव्हे, असा याचा मथितार्थ.

प्रथमदर्शनी ही सूचना तऱ्हेवाईक वाटते. परंतु ग्रंथकाराने तिची पूर्वतयारी कसून केली आहे. २०१९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत एक प्रवेशघोटाळा उघडकीस आला. श्रीमंत पालकांनी एका मध्यस्थास पैसे चारून, कधी परीक्षेतील उत्तरे बदलवून तर कधी मुलास खोटा खेळाडू ठरवून, येल, स्टॅनफर्ड आदी विद्यापीठांत प्रवेश मिळविले होते. मध्यस्थ या मार्गाला ‘बाजूचा दरवाजा’ म्हणत असे. मोठी देणगी देऊन आत जाणे हा मागचा दरवाजा, आणि गुणांवर जाणे हा पुढचा. देश संतापला तो बाजूच्या दरवाजावर. सँडेल यांची नजर मात्र पुढच्या दरवाजावर खिळलेली आहे, आणि येथेच त्यांचे वेगळेपण दिसते. पुढच्या दरवाजातून येणारे तरी रित्या हातांनी येतात काय? त्यांच्यामागे खाजगी शिकवण्या, सल्लागार, वाचनाने भरलेली घरे आणि चिंतामुक्त बालपण उभे असते. १९३३ पासून वीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष असलेल्या कॉनंट यांनी घराणी मोडून बुद्धी निवडण्यासाठी जी परीक्षा आणविली, तिच्यातील गुणच पुढे कुटुंबाच्या मिळकतीबरोबर चढू लागले, ही हकिकत सहाव्या प्रकरणात विस्ताराने येते व ती ग्रंथातील सर्वांत वाचनीय पाने व्यापते. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर, २०२३ साली, राज चेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने त्यात भर घातली: परीक्षेतील गुण सारखे असतानाही अतिश्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले अमेरिकेच्या बारा अग्रगण्य महाविद्यालयांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक निघाली.

याला एक मोठे कारण म्हणजे वारसा. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात जे आकडे पुढे आले, त्यांवरून पदवीधरांच्या अपत्यांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण इतरांच्या पाचपटीहून अधिक होते. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच खटल्यात वंशाचा विचार करण्यास बंदी केली. वारशाच्या दरवाजाला त्या निकालाने हातही लावला नाही. हे वाचून आमच्यापैकी कोणास हसू आले तर त्याने क्षणभर आपल्याच देवळाकडे पाहावे. गोमंतकात १९३३ सालच्या देवस्थान-नियमांखाली चालत आलेल्या महाजनांच्या नोंदवहीत नाव चढते ते भक्तीवरून नव्हे, वडिलांच्या नावावरून. आम्ही त्याला परंपरा म्हणतो. हार्वर्डही तेच म्हणते.

प्रवेशात दैवाचा वाटा आहे, हे सँडेल यांनी निर्विवाद सिद्ध केले आहे असे आम्ही मानतो. आमच्याकडे तो वाटा वेगळ्या जागी लपलेला असतो, इतकेच. २०२३ साली आयआयटींच्या अंतिम परीक्षेस एक लक्ष ऐंशी हजारांवर विद्यार्थी बसले, त्रेचाळीस हजारांहून अधिक पात्र ठरले आणि सर्व संस्थांतील जागा होत्या १७,३८५. म्हणजे परीक्षेने स्वतःच ज्यांना योग्य म्हटले त्यांतील निम्म्याहून अधिकांस जागा नव्हती. एका गुणाच्या फरकाने शेकडो क्रमांक मागेपुढे होतात. आणि तो एक गुण कधी आदल्या रात्रीच्या तापाचा असतो, कधी चारांपैकी एका पर्यायावर डोळे मिटून ठेवलेल्या बोटाचा. सोडत येथेही होते, फक्त ती गणिताच्या वेषात होते. क्रमांकाची छपाई इतकी काटेकोर असते की मोजमापही तितकेच काटेकोर असेल असा समज होतो, आणि सतरा वर्षांचे पोर त्या छपाईवर आपल्या आयुष्याची किंमत वाचते.

मतभेदास जागा आहे ती यापुढे. सँडेल यांना सोडत हवी आहे ती केवळ न्यायासाठी नव्हे. यशस्वी माणसाचा ताठा उतरावा आणि अपयशी माणसाच्या मनाचा डाग पुसला जावा म्हणून ती हवी आहे. दुसऱ्या प्रकरणात त्यांनी या ताठ्याचे मूळ ख्रिस्ती धर्मविचारात शोधले आहे. मोक्ष माणसाच्या कृत्यांनी मिळतो की ईश्वराच्या कृपेने, हा जुना वाद; ल्यूथर व कॅल्व्हिन यांनी कृपेची बाजू घेतली, परंतु त्यांच्याच अनुयायांनी ऐहिक यशाला कृपेचे चिन्ह मानले, आणि हळूहळू चिन्हच मालक झाले. हे विवेचन सुंदर आहे. पण त्यात हिंदू विचाराला स्थान नाही आणि त्यामुळे एक कठीण प्रश्न ग्रंथकारापुढे आलाच नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे मोजली आहेत व त्यांत दैव पाचवे आहे; योगवासिष्ठ पुरुषप्रयत्नाचा कैवार घेते; महाभारतात दोन्ही पक्ष भांडतात. पण या सर्वांखाली कर्मविपाकाचा जो सिद्धांत आहे, तो दैवालाही मागील जन्मीची कमाई ठरवितो. मग योगायोग असा काही उरतच नाही. प्रवेश मिळालेल्या मुलाचे वडील नम्रतेने ‘पूर्वजांची पुण्याई’ म्हणतात, आणि ती नम्रता खरीही असते. परंतु शेजारच्या घरातल्या, थोडक्यात हुकलेल्या मुलाच्या पूर्वजांविषयी ते नकळत काय बोलून गेले, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. हार्वर्डचा विजेता फक्त या जन्माचे श्रेय घेतो. आमचा विजेता ठरवील तर मागचे जन्मही आपल्या खात्यावर लावू शकतो. सँडेल यांनी हे दालन उघडले असते तर त्यांचा ग्रंथ अधिक खोल गेला असता.

दुसरी गोष्ट. चिठ्ठी पडली म्हणून माणूस नम्र होतो, हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे. आमच्या देवळांत पाकळी लावून कौल घेण्याची रीत आहे. उजवी पाकळी पडली की कार्याला लागावे, डावी पडली की थांबावे. हे भाविक मान तुकवितात ते योगायोगापुढे नव्हे. देवतेच्या इच्छेपुढे तुकवितात. सँडेल यांना कृपेतून येणारी विनम्रता हवी आहे, पण कृपा करणारा कोणी नको आहे. देवाच्या जागी यंत्राने काढलेला एक अंक ठेवून तीच विनम्रता उपजेल अशी त्यांची आशा आहे. आम्हांस ती भाबडी वाटते. लॉटरीत पैसे मिळालेला मनुष्य आपण नशीबवान म्हणून छाती काढून चालताना आपण पाहतोच.

मात्र सोडतीचा एक जुना दाखला आपल्याकडे आहे, आणि तो सँडेल यांच्या सूचनेच्या फार जवळ जातो. कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथे वैकुंठ पेरुमाळांच्या देवळाच्या भिंतीवर चोळराजा पहिला परांतक याच्या काळचे, इसवी सन ९१९ व ९२१ च्या सुमाराचे, लेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांसाठी माणसे कशी निवडावीत हे त्यांत सांगितले आहे. करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवरचे घर, वय पस्तीस ते सत्तर, विद्येची ठराविक जाण, इतका उंबरठा ओलांडणाऱ्यांची नावे तीस विभागांतून ताडपत्रांवर लिहून घटात टाकीत. आत काय लिहिले आहे हे न जाणणारे एक बालक चिठ्ठी काढी. मध्यस्थाने ती पाची बोटे पसरून, उघड्या तळव्यावर घ्यायची व मोठ्याने वाचायची. मग जमलेल्या पुजाऱ्यांनीही ती वाचायची. गेल्या तीन वर्षांत ज्याने काम केले असेल तो अपात्र. ज्याने हिशेब दिला नाही तो अपात्र, आणि त्याचे आप्तही. ही लोकशाही नव्हती. ती ब्राह्मण भूधारकांची सभा होती, आणि घटात नाव पडण्याआधीच गावातील बहुसंख्य वगळले गेले होते, हे विसरून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्या उघड्या तळव्यात एक जाणतेपणा आहे. चिठ्ठीतून मिळणारे पद एका वर्षाचे होते. वर्ष सरले की हिशेब देऊन घरी बसायचे आणि दुसऱ्याला वाट द्यायची.

हार्वर्डची चिठ्ठी मात्र जन्माची आहे. सोडत असो की परीक्षा असो, अठराव्या वर्षी एकदा आत गेलेला आयुष्यभर आत असतो, आणि बाहेर राहिलेला बहुधा बाहेरच. निवड कोणी केली यापेक्षा बक्षीस केवढे आहे हा प्रश्न मोठा आहे. नेदरलँड्समध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी अनेक दशके भारित सोडत होती, चांगल्या गुणांना अधिक संधी देणारी. २०१७ साली ती बंद झाली आणि २०२३ पासून विद्यापीठांना पुन्हा मुभा मिळाली. तेथे हा वाद शांतपणे चालू शकतो, कारण तेथील वैद्यकीय विद्यालयांच्या दर्जात आमच्यासारखे आकाशपाताळाचे अंतर नाही. कोणत्या विद्यालयात शिकला यावर डॉक्टराचे आयुष्य ठरत नाही. आपल्याकडे उलटे चित्र दिसते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखाली महाराष्ट्रातील खाजगी शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना सोडतीने मिळू लागल्या, आणि गरिबाच्या मुलाला चिठ्ठी हे कोणास तऱ्हेवाईक वाटले नाही. सधन घरातील मुलालाही तीच चिठ्ठी काढायला सांगा, मग सोडतीविषयीचे खरे मत कळेल.

‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द ज्यांनी रूढ केला ते मायकेल यंग १९५८ सालच्या आपल्या पुस्तकात उपहास करीत होते. लोकांनी तो ध्येय म्हणून उचलला याची खंत त्यांनी २००१ साली, मृत्यूच्या थोडे आधी, वृत्तपत्रात लिहून व्यक्त केली. सँडेल यांच्या वाट्याला याच्या उलटे दुर्दैव येण्याची भीती आहे: त्यांची सोडत लक्षात राहील आणि ग्रंथाचा गाभा विसरला जाईल. तो गाभा सातव्या प्रकरणात आहे. पदवी नसलेल्या माणसाच्या श्रमाला समाज काय मोल देतो, त्याला वेतनाबरोबर मान देतो की नाही, हा तेथील विषय. तेथे ग्रंथकाराची भाषा साधी होते, युक्तिवादाची ऐट गळते, आणि झाडू मारणारा, माल वाहणारा, आजाऱ्याची शुश्रूषा करणारा मनुष्य प्रथमच पानावर येतो. दोष इतकाच की हे प्रकरण तोकडे आहे. प्रवेशाच्या चर्चेला जितकी पाने मिळाली तितकी यालाही मिळावयास हवी होती. वाचकांनी दुसरे प्रकरण आधी वाचावे, मग सातवे, आणि सोडतीचे सहावे सर्वांत शेवटी.