लूपमधील गुणाकार आणि टप्प्यांचा क्रम : डी. एम. ढमढेरे यांच्या संशोधनाच्या अनुषंगाने

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासताना मी एका विद्यार्थ्याचा एक गुण कापला होता. 'ऑप्टिमायझेशनची कोणतीही चार तंत्रे लिहा' या प्रश्नाखाली त्याने तीनच तंत्रे लिहिली होती आणि चौथ्याच्या जागी 'यांतले आधी कोणते करायचे?' असे विचारले होते. उत्तरसूचीत त्या ओळीला जागा नव्हती. प्रस्तुत लेख म्हणजे त्या कापलेल्या गुणाची उशिरा केलेली फेरतपासणी होय.

कंपायलर आपण लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. हे करताना तो अनेक टप्प्यांत तिची सुधारणाही करतो. यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात. आज्ञावलीचा बराच वेळ लूपमध्ये, म्हणजे पुनःपुन्हा चालणाऱ्या भागात, खर्च होत असल्याने या सुधारणेचा खरा कस तेथेच लागतो.

क्रमाचा प्रश्न

एक साधे उदाहरण घेऊ. ग या गणकाची किंमत १ पासून १००० पर्यंत वाढत जाते. प्रत्येक फेरीत 'क = म × ४' आणि त्यानंतर 'अ = ग × क' अशा दोन क्रिया होतात. म ची किंमत लूपमध्ये बदलत नाही. मूळ स्वरूपात येथे २००० गुणाकार होतात.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, न बदलणारी क्रिया लूपबाहेर काढणे (कोड मोशन). दुसरा, गुणाकाराऐवजी प्रत्येक फेरीत बेरीज करणे (स्ट्रेंग्थ रिडक्शन). समजा, दुसरा उपाय आधी चालवला आणि गुणक लूपबाहेर निश्चित झालेला असेल तरच तो लागू होतो. या क्षणी क ला लूपच्या आतच किंमत मिळत असल्याने हा टप्पा काही न करता पुढे जातो. मग कोड मोशन 'म × ४' बाहेर काढते. परंतु बेरजेच्या टप्प्याची पाळी तोवर संपलेली असते. एकूण गुणाकार उरतात १००१. हाच क्रम उलटा केल्यास लूपमध्ये केवळ बेरीज राहते आणि गुणाकार उरतो एक, तोही लूपबाहेर. तंत्रे तीच, आज्ञावली तीच. फरक केवळ क्रमाचा. मालवण किनाऱ्यावर बांगडा आधी खारवतात आणि मग सुकवतात. सुकल्यावर लावलेले मीठ वरच राहते, हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही.

मग कोड मोशन नेहमी आधी ठेवावे, एवढ्यावर प्रश्न मिटतो काय? मिटत नाही. एका लूपच्या आत दुसरा लूप असेल तर बेरजेची पूर्वतयारी आतल्या लूपच्या आधी, म्हणजे बाहेरच्या लूपच्या आतच येते. ती तेथूनही बाहेर काढता येण्याजोगी असू शकते. त्यासाठी कोड मोशन पुन्हा चालवावे लागते. म्हणजे प्रत्येक टप्पा दुसऱ्यासाठी नवे काम निर्माण करतो आणि कोणताही एक क्रम सर्व आज्ञावलींना पुरत नाही.

एकत्रीकरणाचा मार्ग

आयआयटी मुंबईत प्राध्यापक राहिलेले ढमढेरे यांचे सिस्टिम्स प्रोग्रॅमिंगवरील पाठ्यपुस्तक आपल्याकडील अध्यापकांना परिचित आहे. त्यात ही तंत्रे एकेका शीर्षकाखाली लहान उदाहरणांसह येतात. प्रारंभिक पुस्तकाच्या दृष्टीने ही मांडणी योग्यच आहे. तथापि एस. एम. जोशी व ढमढेरे यांनी १९८२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या निबंधात वरील दोन्ही उपाय एकाच संयुक्त रूपांतरात गुंफले आहेत. आधी कोण हा वाद सोडवण्यापेक्षा तो उद्भवूच न देणे, ही त्यामागील दृष्टी होय. मोरेल व रेनव्हाझ यांनी १९७९ मध्ये समान पदावलींचे निर्मूलन व कोड मोशन एकाच विश्लेषणाखाली आणले होते. त्या पद्धतीचे व्यवहार्य रूप ढमढेरे यांनी १९९१ मध्ये मांडले. क्नूप, र्‍यूटिंग व श्टेफेन यांनी १९९३ मध्ये स्ट्रेंग्थ रिडक्शनचा विचार याच दिशेने पुढे नेला.

या मार्गाला मर्यादाही आहेत. दोन-तीन तंत्रे एकत्र बांधता येतात, सगळी नव्हे. केवळ १० टप्प्यांचे ३६,२८,८०० क्रम संभवतात आणि जीसीसीसारख्या कंपायलरमध्ये टप्पे दोनशेहून अधिक आहेत. त्यामुळे तेथे अनुभवाने ठरवलेला क्रम वापरतात आणि काही टप्पे पुनःपुन्हा चालवतात. ही तडजोड आहे, आणि तडजोड म्हणूनच ती शिकवली पाहिजे.

समारोप

आपण पाठ्यपुस्तकातील यादी घेतली आणि तिच्याच लेखकाने संशोधनात हाताळलेला प्रश्न वर्गाबाहेर ठेवला. हा दोष पुस्तकाचा नव्हे. 'कोणतीही चार' विचारणाऱ्या आपल्या प्रश्नपत्रिकांचा आहे. यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तंत्रांची नावे कळतात. एक तंत्र दुसऱ्याला वाट कशी करून देते, हे कळत नाही. उपाय खर्चिक नाही. वरील सहा-सात ओळींचे उदाहरण फळ्यावर लिहावे, दोन्ही क्रमांनी सोडवून घ्यावे आणि गुणाकार मोजावेत. जिल्ह्यातील कोणत्याही वर्गात हे एका तासिकेत होते.

त्या विद्यार्थ्याची चौथी ओळ खरे तर उत्तरच होती. तो गुण आता देता येत नाही; प्रश्न मात्र बदलता येतो.